नावांना पाणी घालणारी झारी

मित्रांनो, ज्या माणसाने माझ्या बुडात खिळा ठोकला, त्याला लहानपणी मीच आंघोळ घातली आहे. उन्हाळा आला की हा उघडाबंब नळापाशी उभा राहायचा आणि "अजून, अजून" करत नाचायचा. किती पाणी ओतले असेल त्या डोक्यावर. आज तेच डोके टोपी घालून राखणदार म्हणून मिरवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, की झारी जुनी झाली, गळायला लागली. मी गळत नव्हते. भोक पाडल्यावर कोणीही गळेल.

बरे, भोकाचे मी फार मनाला लावून घेतलेले नाही. माझे दुखणे वेगळे आहे. त्या भोकापायी एका म्हातारीचे इथे येणे थांबले. तिच्या भावाचे नाव कोरलेला दगड सध्या खाली उतरवून, तिचा हात सहज पोचेल असा ठेवला आहे. उद्या सकाळी क्रेन येणार आणि तो दगड उचलून पुन्हा जागेवर बसवणार. आजचा दिवस हातात आहे. कुणीतरी जाऊन तिला एवढे सांगायचे आहे. हा सांगत नाही. मला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, निदान कुणाच्या तरी कानावर असू दे.

मी एक जुनी झारी आहे. शहराच्या दफनभूमीत, हत्यारांच्या खोलीत, दारामागच्या खुंटीला माझे बिऱ्हाड आहे. शेजारी फावडे टांगलेले असते. इथले मुख्य काम आपलेच, असा त्याला फार ताठा. मी त्याला कधीच ऐकवून ठेवले आहे, की बाबा रे, तू माणसाला एकदा आत घातलेस की मोकळा झालास. त्यानंतरची सगळी वर्षे माझ्या गळ्यात पडतात.

माझा जन्म फाटकासमोरच्या पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. जस्ताचा जाड पत्रा, भरलेले पोट, लांब तोटी आणि तोटीच्या टोकाला बारीक भोकांची चकती. पत्रेवाला तोंडाने फटकळ, पण हाताने गुणी होता. सांधा झाळताना श्वास रोखून धरायचा. मी तयार झाले तेव्हा त्याने मला काठोकाठ भरले, कोरड्या कागदावर ठेवले आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा कागद कोरडाच होता. "ही माझ्यामागे राहणार," तो म्हणाला. राहिले. फाटकातून आत आल्यावर उजव्या हाताला त्याचे थडगे आहे. त्यावरचा वेल मीच वाढवला. आता तो वेल त्याचे नाव झाकून बसला आहे, त्याला माझा इलाज नाही. वेलाला वाढ म्हणता येते मला, थांब म्हणता येत नाही.

मला विकत घेतले ते थोरलीने. थोरली म्हणजे त्या वेळच्या राखणदाराची बायको, आताच्या राखणदाराची आजी. ती कुणाची थोरली, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पण तिच्यापुढे उभे राहिले की आपण धाकटे आहोत हे ज्याचे त्याला कळायचे. दुकानात तिने मला उलटीसुलटी करून पाहिले, बुडावर टिचकी मारली, कान लावला आणि पत्रेवाल्याला म्हणाली, की दिसायला काही खास नाही, पण आवाज घरंदाज आहे. त्या एका वाक्यावर मी आजवर जगले आहे.

दफनभूमी तेव्हा शहराबाहेर होती. मधे शेते, एक ओढा आणि वीटभट्ट्या. लोक थट्टा करायचे, की एवढ्या लांब आम्ही मेल्यावरच येऊ. आले बिचारे. मग शहरही चालत चालत आमच्या भिंतीपर्यंत आले आणि वळसा घालून पुढे गेले. वरच्या चढावर, झाडांच्या सावलीत पैसेवाल्यांची थडगी. त्यांना संगमरवरी चौथरे आणि भोवती लोखंडी कठडे. मेल्यावरही शेजाऱ्याने हद्द ओलांडू नये म्हणून. खालच्या अंगाला साध्या माणसांचे साधे दगड. आणि मागच्या कोपऱ्यात साथीच्या वर्षी पुरलेली माणसे. त्यांना ना दगड, ना नाव, नुसते गवत. थोरली मला रोज शेवटी तिकडे न्यायची. म्हणायची, यांच्याकडे पाहुणे येत नाहीत, आपणच जाऊन येऊ.

मग पहिले मोठे युद्ध झाले. शहरातली पोरे रांगेने आमच्या फाटकावरून गेली. बूट नवे असावेत, कारण काही लंगडत होती आणि तरी हसत होती. माणूस मेला की शेवटी आमच्याकडेच येतो, असा आमचा समज होता. ही मुले आली नाहीत. कुणाच्या शेतात, कुठल्या चिखलात राहिली, त्याचा पत्ता त्यांच्या आयांनाही मिळाला नाही. मग शहराने ठरवले, की मुले नाहीत तर त्यांची नावे तरी घरी आणू. दफनभूमीच्या मधोमध, दगडावर दगड रचून एक खांब उभा करायचा आणि चारी अंगांनी नावे कोरायची.

ती जागा मूळची वीटभट्टीसाठी माती काढलेला खड्डा. भरून सपाट केलेली. थोरलीचा नवरा सांगत राहिला, की इथे पाया खोल घ्या, खालची माती भरवशाची नाही. पण उद्घाटनाचा दिवस ठरला होता आणि मोठी माणसे येणार होती. मोठी माणसे येणार म्हटले की वरचे टोक लखलखते आणि पाया उथळ राहतो. हे मी अनेकदा पाहिले आहे.

उद्घाटन झाले. बिगुल वाजला, भाषणे झाली, पुष्पचक्रे ठेवली, मोठी माणसे निघून गेली. आयांना मात्र जायचे कळेना. इतर थडग्यांपाशी माणसाला काहीतरी काम असते. गवत उपटतो, दगड पुसतो, रोपाला पाणी घालतो. हात गुंतले की डोळे सावरतात. इथे तसे काहीच नव्हते, कारण खाली कुणीच नव्हते. एक आई दोन्ही हात सोडून खांबासमोर उभी होती. हातातून काहीतरी काढून घेतले आहे आणि बोटे अजून तशीच वाकलेली आहेत, असे ते हात दिसत होते. थोरलीने मला नळाखाली धरून भरले आणि नेऊन त्या हातांत दिले.

"घाल पाणी," ती म्हणाली.

"इथं काही लावलेलं नाही."

"नसू दे. तू घाल."

त्या आईने माझी तोटी मुलाच्या नावावर धरली. दगड ओला झाला आणि अक्षरे गडद होऊन वर आली, जणू आत्ताच कुणी लिहून गेले. ती बघत राहिली. ऊन लागून अक्षरे फिकी होऊ लागली तशी तिने पुन्हा पाणी घातले. मागे दुसरी आई उभी होती, तिच्या मागे तिसरी. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला.

पुढे तर माझ्यावरून भांडणे होत. "तुझ्या पोराला मघाशीच घातलंस की, आता माझ्याला घालू दे." "तुझा वरच्या ओळीत, त्याचं पाणी आपसूक माझ्यावर येतं, तू कशाला मधे लुडबुडतेस." अशा तावातावाने भांडायच्या आणि भांडता भांडता मधेच गप्प व्हायच्या. मला वाचता येत नाही. झारीला कोण शाळेत घालणार. पण कुठल्या नावाखाली कोण उभे राहायचे, हे मला तोंडपाठ आहे. मला स्वतःहून वाकताही येत नाही. कुणी वाकवले तर वाकते, कुणी धरले तिथे ओतते. बाईमाणसाचा जन्म आणि झारीचा जन्म यांत तेव्हा फारसा फरक नव्हता.

खांबाच्या पायथ्याशी असे हिरवेगार गवत आले, की वरच्या चढावर पैसे मोजूनही तसे कधी उगवले नाही. पालिकेचे लोक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि त्या हिरवळीवर उभे राहून फोटो काढायचे. बघा, शहर आपल्या वीरांची कशी काळजी घेते, असे म्हणायचे. शहर म्हणजे मी आणि त्या बायका. पण फोटोत आम्हाला कुणी घेतले नाही.

पाथरवटाने खांबाचा सर्वांत खालचा दगड कोरा सोडला होता. एका बाईने त्याला विचारले, की ही जागा कुणासाठी रे बाबा. तो म्हणाला, नावे संपली, दगड उरला. दुसरे युद्ध आले आणि तो दगडही भरला.

त्या युद्धात माझ्यावरच बाका प्रसंग आला. सरकारला धातू हवा होता. माणसे करवती घेऊन आली आणि वरच्या चढावरचे सगळे कठडे कापून घेऊन गेली. फाटकही गेले, नवे लाकडी आले ते नंतर. घराघरांतून जुनी पातेली, बादल्या, पत्रे गेले. त्यांची म्हणे विमाने होणार होती. माणसे खोलीकडे वळताहेत हे पाहून थोरलीने मला उचलले, जुन्या पाळण्यात निजवले, वरून दुपटे घातले आणि पाळणा हलवत बसली. "आवाज करू नका," ती त्यांना म्हणाली, "दात येताहेत." माणसे चवड्यांवर चालत परत गेली. बादली गेली, घमेले गेले, मी राहिले. इतके लाड माझे आधीही झाले नव्हते, पुढेही नाहीत.

आता त्या म्हातारीकडे येते. तेव्हा ती म्हातारी नव्हती, शाळेतही न जाणारी चिमुरडी होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा तिचा थोरला भाऊ तिला चिमणी म्हणायचा आणि सायकलच्या दांडीवर बसवून फिरवायचा. युद्धावरून त्याची बातमी सगळ्यांत शेवटी आली, म्हणून त्याचे नाव खालच्या दगडावर, अगदी शेवटच्या ओळीत. मोठ्या माणसाच्या गुडघ्याशी येणारे ते नाव चिमणीच्या छातीशी यायचे. आईबरोबर यायची, मला दोन्ही हातांनी कवेत धरून आणायची, अर्धे पाणी स्वतःच्या फ्रॉकवर आणि अर्धे भावावर. मग ओल्या अक्षरांतून बोट फिरवायची. तिची अक्षरओळख त्या नावावर झाली. शाळेत गेल्यावर बाईंनी तिला स्वतःचे नाव लिही म्हटले, तर तिने भावाचे लिहिले.

चिमणी मोठी झाली. दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करू लागली. आई गेली, तरी ती दर आठवड्याला यायची. उंच झाली तशी नावासाठी वाकू लागली. पुढे एका गुडघ्यावर बसू लागली. मग तेही जमेना. पाठ धरली, गुडघे धरले, आणि भावाचे नाव तिच्या हातापासून दूर गेले. पण माझी तोटी लांब आहे. ती उभी राहून मला वाकवायची आणि माझे पाणी तिच्या जागी त्या अक्षरांतून फिरायचे. असे आमचे चालले होते. तिचा हात म्हणजे मीच होते.

दरम्यान बाकीच्या बायका एकेक करून खाली राहायला आल्या. थोरली गेली. तिचा मुलगा राखणदार झाला, मग नातू. आणखी लहान लहान युद्धे झाली, त्यांच्यासाठी भिंतीवर पितळी पाटी लावली, ती चोरीला गेली, मग चर्चा झाली आणि तिथेच थांबली. दफनभूमीत रबरी नळी आली. लांब जीभ आणि अक्कल शून्य, कुठेही फवारते. पण लोकांना तीच आवडली. मी आठवडाभर खुंटीवर लटकायची आणि चिमणी आली की खाली उतरायची. तरी माझी तक्रार नव्हती. एकाच घरी काम असले तरी ते घर चांगले असले की पुरते.

गेल्या वर्षी खांब कलला. आधी कुणाच्या लक्षातही आले नाही. मग पालिकेने एक इंजिनिअरबाई पाठवल्या. तरुण, तोंडात गोळी चघळणाऱ्या, बोलण्यात कमालीच्या सरळ. त्यांनी ओळंबा सोडला, खालची माती उकरून बोटांत चुरली आणि मधल्या भेगेवर काचेची एक पट्टी चिकटवली. भेग हलली तर काच तडकणार.

"इथं पाणी कोण घालतं?" त्यांनी राखणदाराला विचारले.

त्याने गवताचे काहीतरी सांगितले. त्या म्हणाल्या, की गवताचे कौतुक पुरे झाले, खालची भर मातीची आहे आणि पाणी मुरून मुरून तिचे लोणी झाले आहे. मंजुरी येईल, खांब उतरवू, पाया नवा घालू, भोवती फरशी करू. तोवर तो उभा राहिला पाहिजे. "आजपासून एक थेंब नको," असे बजावून त्या गेल्या.

मित्रांनो, दोष एकट्या पाण्याचा नव्हता. पाया ज्यांनी उथळ ठेवला त्यांना कुणी काही विचारले नाही, कारण ती मोठी माणसे होती आणि आता वरच्या चढावर निवांत पडली आहेत. पण पाणी आम्ही घातले हे खरे. प्रेमाने घातलेले पाणीही मुरते, आणि माती त्याची चव बघत नाही.

राखणदाराची पंचाईत झाली. चिमणीला तो लहानपणापासून आत्या म्हणतो. तिने त्याच्या चड्ड्यांना ठिगळे लावली आहेत. तिला तोंडावर कसे सांगायचे, की आत्या, तुझ्या पाण्याने तुझ्या भावाचा खांब पडतोय. त्याला जमेना. मग त्याने पुरुषमाणसे करतात ते केले. सोपे खोटे शोधले आणि ते माझ्यावर ढकलले.

ती आली तेव्हा त्याने मला पोत्यांमागे दडवले होते. तो म्हणाला, झारी गळते. तिने विचारले, कुठून. तो म्हणाला, बुडातून. तिने सांगितले, मग डाग देऊन आण. तो म्हणाला, डाग देणारे राहिले नाहीत, आता सगळे प्लास्टिक. एवढ्यावर दुसरी कुणी गप्प बसली असती. चिमणी जन्मभर लोकांचे फाटलेले शिवत आली आहे.

"पुढच्या खेपेला काढून ठेव," ती म्हणाली. "मी बघते. फाटलेलं बघितल्याशिवाय टाकत नसतात."

झाले. आता त्याला फाटलेले दाखवायचे होते. ती यायच्या दिवशी सकाळी त्याने मला पायरीवर नेले, उलटी करून मांडीवर घेतले. आधी माझ्या पोटावरून तळवा फिरवला. ते मला सगळ्यांत वाईट वाटले, हातोडीपेक्षाही. मारायचे तर सरळ मारावे. मग खिळा टेकवला आणि एक घाव घातला. मी ओरडले असते. पण झारीला आवाज फक्त ओतताना येतो, आणि तेव्हा मी रिकामी होते.

चिमणी आली. तिने मला हातात घेतले, चष्मा कपाळावर सारला आणि बुडावर बोट टेकवले. बोट तिथेच थांबले. जिने सारा जन्म सुई धरली, तिला भोक कुठल्या बाजूने पडले हे डोळ्यांनी बघावे लागत नाही.

"हे झिजून पडलेलं नाही," ती म्हणाली. "पाडलेलं आहे. बाहेरून आत."

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मी यायला नको असेन तर तसं सांग. मी फाटकाबाहेरून बघेन. पण या बिचारीला कशाला भोसकलंस?"

"तसं नाही, आत्या."

"मग कसं?"

मग त्याने सांगितले. एकदा बांध फुटल्यावर सगळेच सांगितले, खड्ड्याची माती, तिचे लोणी, ओळंबा, काचेची पट्टी. मधे मधे तो "तू मनाला लावून घेऊ नकोस" म्हणत होता. ज्याच्या त्याच्या मनाला काय लागते हे जणू त्याच्या परवानगीने ठरते. ती ऐकत होती. माझ्या मुठीवरची तिची पकड हळूहळू सैल झाली, ती मला कळली.

"म्हणजे मी पाडत होते त्याला," ती म्हणाली.

"तू एकटी नाहीस. सगळ्याच घालायच्या. माझी आजीच द्यायची झारी."

"त्या गेल्या कधीच. आता घालणारी मीच होते ना? मग मीच."

तिने पदराआडचा रुमाल काढून मला आतून बाहेरून पुसले आणि त्याच्या हातात दिले. "ओली ठेवू नकोस, गंजेल," म्हणाली आणि फाटकाकडे निघाली. खांबाकडे तिने वळून पाहिले नाही. त्या चालण्यात काहीतरी चुकत होते, आणि ते काय हे मला मागाहून उमगले. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हते.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दूधवाला म्हणाला, की शिवणयंत्राचा आवाज येत नाही, दार बाटली आत घेण्यापुरते उघडते. राखणदार "वय झालंय" असे पुटपुटला. वय तिचे त्या एका सकाळी झाले, हे त्यालाही ठाऊक आहे.

मग मंजुरी आली. खांब एकेक दगड करत उतरवला आणि लाकडी घोड्यांवर, टेबलासारखा, ओळीने मांडला. सर्वांत खालचा दगड सर्वांत शेवटी निघाला, म्हणून तो माझ्या खोलीच्या दारासमोर आला. खुंटीवरून मला रोज दिसतो. नावे आभाळाकडे तोंड करून आहेत. इतकी वर्षे गुडघ्याशी असलेले ते नाव आता कमरेशी आहे. म्हातारीला वाकायला नको, बसायला नको, पाणी नको, मी नको. नुसते येऊन हात ठेवायचा. लहानपणी फिरवायची तसे अक्षरांतून बोट फिरवायचे. या वयात असा योग तिला पुन्हा येणार नाही, कारण नव्या पायावर तो दगड पुन्हा गुडघ्याशीच बसणार आणि भोवती फरशी होणार.

हे राखणदाराला कळत नाही असे नाही. दगड उतरला त्याच दिवशी तो त्यावर हात ठेवून म्हणाला, "आत्याला सांगायला पाहिजे." म्हणाला. रोज तो दगड पुसतो, ऊन चढले की ताडपत्री घालतो. चार वेळा चांगला शर्ट घालून निघाला. एकदा फाटकात कुणीतरी भेटले, एकदा फोन आला, एकदा पाऊस येईलसे वाटले. चौथ्या वेळी काहीच झाले नाही, तरी परत आला. तिच्या दारात उभे राहायचे तर आधी तिच्या डोळ्यांत बघावे लागेल, आणि खिळा ठोकणाऱ्या माणसाला ते जड जाते.

मी काय करू? मला दोन गल्ल्या काय, या खुंटीवरून खाली उतरता येत नाही. पाणी भरले तर ते आता बुडातून जाते, तोटीपर्यंत पोचत नाही. पत्रेवाल्याने मला पुष्कळ दिले, पाय तेवढे दिले नाहीत.

मित्रांनो, तुम्हाला पाय आहेत. जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांना कोरडे पुसून ठेवा, हे तर मी सांगणारच. माझा स्वार्थ आहे त्यात. पण त्याहून मोठी गोष्ट सांगते. एखाद्या माणसाच्या हातातले काम काढून घ्यायची वेळ आली, तर घ्या बापडे, कधी कधी घ्यावेच लागते. मात्र नंतर त्याच्या घरी जा. तो काही म्हणो न म्हणो, दार उघडो न उघडो, तुम्ही जा.

आत्ता दुपार कलली आहे. इंजिनिअरबाई येऊन नवा पाया ठोकून बघून गेल्या. उद्या सकाळी क्रेन, खालचा दगड आधी, असे सांगून गेल्या. राखणदाराने आज पाचव्यांदा चांगला शर्ट घातला. फाटकापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग परत आला, शर्ट काढला आणि आणून माझ्याच खुंटीवर, माझ्याच तोंडावर टांगला. बाहेर जाऊन दगडावर ताडपत्री ओढू लागला. त्या शर्टाखालून, असेल नसेल तेवढा घरंदाज आवाज लावून, त्याला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही, मी मोठ्याने म्हटले:

"बाळा, भोक पाडलंस, ते मी सोसलं. खोटं बोललास, ते तिच्या मायेपोटी, तेही सोडून दिलं. पण एक म्हातारी दाराआड बसून स्वतःला दोष देतेय, तिच्या भावावर तू ताडपत्री घालतोयस, आणि मधे अंतर काय, तर दोन गल्ल्या आणि तुझी लाज. तू कसला राखणदार. मेलेल्यांची राखण कुणीही करील रे, ते कुठं पळून जात नाहीत."